जाहिरात अचानक बंद पडते तेव्हा: ऑटोमॅटिक पेमेंट की मॅन्युअल?

हापूसचा हंगाम जवळ आला की ओळखीतले दोघं-तिघं तरी फोन करून हेच विचारतात: गूगल अ‍ॅड्सचं नवं खातं उघडतोय, गूगलवर जाहिरात द्यायला, त्याचं पेमेंट कसं ठेवू? कार्डातून आपोआप कापलं जाईल असं, की आधी पैसे भरून शिल्लक ठेवायची? कीवर्ड (कोणते शब्द शोधल्यावर जाहिरात दिसावी), बिड (एका क्लिकसाठी लावायची बोली), लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान) यावर सगळे महिनाभर डोकं लावतात आणि ही निवड मात्र फॉर्म भरताना अर्ध्या मिनिटात उरकतात. मी दोन्ही वापरलंय. 2022 आणि 2023 हे दोन हंगाम ऑटोमॅटिक, 2024 पासून मॅन्युअल. आमचा धंदा छोटा आहे: देवगडहून पेट्या येतात, पुण्यात घरपोच जातात, आणि वर्षाची सगळी कमाई अडीच महिन्यांत होते. तेव्हा माझा अनुभव तसल्याच धंद्याला जास्त लागू पडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

ऑटोमॅटिकचं सुख खरं आहे, ते नाकारत नाही. जाहिरात आधी चालते, पैसे मागाहून जातात. क्रेडिट कार्ड असेल तर बिलाच्या तारखेपर्यंत आणखी सवड मिळते. बागायतदाराला रोख मोजावी लागते आणि गिऱ्हाइकाचे पैसे मागाहून येतात, अशा दिवसांत ही सवड मोलाची असते. शिवाय राखीव म्हणून दुसरं कार्ड जोडून ठेवता येतं. वर्षभर साधारण सारखाच खर्च असणाऱ्याला, म्हणजे क्लिनिक, क्लासेस, पेस्ट कंट्रोलवाले यांना, हे बहुधा छान चालेल.

माझं मत फिरलं ते 2023 च्या अक्षय्य तृतीयेला. ती 22 एप्रिलला, शनिवारी होती. त्याआधीचे चार-पाच दिवस म्हणजे आमची दिवाळी. रोजचं बजेट मी दीड हजारावरून तीन हजारांवर नेलं होतं. गुरुवारी सकाळी सात वाजता हॉलमध्ये पंचवीस पेट्या उघड्या होत्या, पेंढा बाजूला करून आम्ही तयार फळ वेगळं काढत होतो. हाताला देठाचा चीक, घरभर वास, आणि फोन गप्प. त्या दिवसांत सकाळी आठपर्यंत दहा-बारा फोन तरी येतातच. नऊला मी लॅपटॉप उघडला, तर रात्री साडेदहानंतर इम्प्रेशन, म्हणजे जाहिरात लोकांना दिसल्याचा आकडा, शून्य.

इथून पुढचे तीन तास मी नको तिथे शोधत बसलो. आधी वाटलं बिड कमी पडली, आदल्या दिवशी कुणीतरी मोठा विक्रेता उतरला असेल. बिड वाढवली. मग आठवलं की दोनच दिवसांपूर्वी मी ‘रोप’, ‘कलम’, ‘रेसिपी’ असे बरेच निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये ते, टाकले होते. त्यातला एखादा आमच्याच कीवर्डला आडवा गेला का, म्हणून एकेक तपासला. जाहिरात नाकारली गेली का ते पाहिलं, वेळापत्रक पाहिलं, कॅम्पेनची शेवटची तारीख पाहिली, चेंज हिस्टरी, म्हणजे खात्यातल्या बदलांची नोंद, पाहिली. सगळं जागच्या जागी. शेवटी बिलिंगच्या पानावर गेलो तेव्हा कळलं, कार्डावरचं पेमेंट नाकारलं गेलं होतं. त्याची इमेल आली होती, पण ती भाच्याच्या पत्त्यावर. खातं त्याने उघडून दिलं होतं आणि तो पत्ता बदलायचा राहून गेला होता.

नाकारलं का गेलं, हे नीट समजून घ्या, कारण ऑटोमॅटिक ठेवणाऱ्या कुणालाही हे होऊ शकतं. ऑटोमॅटिकमध्ये पैसे दोन वेळा कापले जातात: महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, किंवा त्याआधीच खर्च एका ठरावीक रकमेला पोचला तर तेव्हा. ही रक्कम, म्हणजे थ्रेशोल्ड, कायम तेवढीच राहत नाही. तुम्ही वेळेवर पैसे देत गेलात की ती वाढत जाते. दुसऱ्या बाजूला, ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा कार्डधारकाला स्वतः ठरवता येते, ती मी सुरक्षिततेसाठी फार पूर्वी दहा हजारांवर ठेवली होती. इकडे थ्रेशोल्ड वाढत वाढत त्यापलीकडे गेला, तिकडे मर्यादा तिथेच. बँकेने माझ्याच सूचनेप्रमाणे नकार दिला.

यातली मला खुपलेली गोष्ट अशी. थ्रेशोल्डला खर्च भराभर पोचतो तो गर्दीच्या दिवसांतच. जूनमध्ये, धंदा थंड असताना, महिन्यातून एकदा पैसे कापले जातात, अडलं तरी कुणाचं बिघडत नाही. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात दर तीन-चार दिवसांनी कापले जातात. म्हणजे पेमेंट अडकायचे प्रसंग नेमके तेव्हाच वाढतात जेव्हा एक दिवसही वाया घालवणं परवडत नाही. आंबा थांबत नाही. शनिवारसाठी तयार केलेलं फळ सोमवारी कुणी त्या भावात घेत नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या कार्डाने ओटीपी टाकून पैसे भरले, दुपारी अडीचच्या सुमारास जाहिराती पुन्हा दिसू लागल्या, पण गुरुवार गेला तो गेलाच.

कार्डाची मर्यादा वाढवली की प्रश्न मिटतो, असं कुणी म्हणेल. बराचसा मिटतो, आणि त्या हंगामाचे उरलेले दिवस मी तसेच काढले. पण कार्डाच्या बाजूने बदलणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2021 पासून आवर्ती, म्हणजे कार्डातून वरचेवर आपोआप कापल्या जाणाऱ्या पेमेंटला ओटीपीशिवायची मर्यादा पाच हजार होती, जून 2022 मध्ये ती पंधरा हजार झाली. 1 ऑक्टोबर 2022 पासून व्यापाऱ्यांकडे कार्डाचा नंबर साठवणं बंद होऊन टोकन, म्हणजे नंबराच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, आलं. कार्डाची मुदत संपते, नवं कार्ड येतं. हे नियम ग्राहकाच्या भल्याचेच आहेत, पण प्रत्येक बदलाबरोबर आपल्या नजरेआड चालणारा एक व्यवहार अडकू शकतो.

आता मॅन्युअल. त्याचे त्रास आधी सांगतो. पैसे आधी गुंतवावे लागतात. जीएसटी भरणा करतानाच वजा होतो, म्हणून दहा हजार भरले की खात्यात 8,474 रुपये 58 पैसेच दिसतात. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. ताजा आंबा जीएसटीमुक्त असल्याने त्या कराचं क्रेडिट आम्हाला मिळत नाही, पण ते ऑटोमॅटिकमध्येही मिळत नव्हतं, तेव्हा तो मुद्दा बरोबरीचा. आणि मुख्य म्हणजे शिल्लक संपली की खात्यातल्या सगळ्या जाहिराती एकदम थांबतात. त्या तर मॅन्युअलमध्ये जास्त सहज थांबतात, असंही म्हणता येईल.

शिल्लक किती ठेवायची याचा अंदाज बरेच जण चुकवतात. रोजचं बजेट तीन हजार म्हणजे रोज तीन हजारच जातील असं नाही. शोध जास्त असलेल्या दिवशी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, फक्त महिन्याचा खर्च रोजच्या बजेटच्या 30.4 पटीच्या पुढे जात नाही. म्हणजे दहा हजारांचा भरणा दोन-पावणेतीन दिवस पुरेल असं वाटतं, आणि सणाच्या तोंडावर तो दीड दिवसातही संपू शकतो. मी शिल्लक मोजताना कायम दुप्पट बजेट धरतो.

एवढं असूनही माझा कल मॅन्युअलकडे आहे, आणि कारण पैशाचं नाही, बिघाड शोधण्याचं आहे. जाहिरात बंद पडली की दहा कारणं समोर उभी राहतात. मॅन्युअलमध्ये त्यातलं पहिलं आणि, निदान माझ्या अनुभवात, सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण एका आकड्यात तपासून होतं. शिल्लक आहे की नाही? नसेल तर यूपीआयने भरा. मला तरी पैसे काही मिनिटांत जमा झालेले दिसले आहेत. नेटबँकिंगने एकदा जास्त वेळ लागला होता. शिल्लक असेल तर पैशाची शंका तिथेच संपली, आता खुशाल कीवर्ड आणि नामंजूर जाहिरातींकडे वळा. ऑटोमॅटिकमध्ये कारण कार्ड, बँक, नियम आणि खातं यांच्यामध्ये कुठेतरी दडलेलं असतं, आणि आपण भलत्याच ठिकाणी बिड वाढवत बसतो. त्या सकाळी वाढवलेली बिड उतरवायची राहिली, आणि पुढचे दोन दिवस क्लिक महाग पडले, हेही सांगायला हवं.

कुठलीही पद्धत घ्या, एक सवय दोन्हीकडे ठेवा: जाहिरात दिसते का हे पाहायला गूगलवर स्वतःच पुन्हा पुन्हा शोधू नका. क्लिक न करता शोधत राहिलात तर तुमच्याच जाहिरातीवर क्लिक होण्याचं प्रमाण खाली येतं, आणि काही वेळाने ती तुम्हाला दिसेनाशीही होऊ शकते. खात्यातच प्रीव्ह्यूची सोय आहे. त्यात शहर आणि कीवर्ड टाकला की जाहिरात दिसते का, दिसत नसेल तर का, ते कळतं.

निवड करताना घाई करू नका, कारण पद्धत नंतर बदलता येईलच असं धरून चालता येत नाही. मी मॅन्युअलसाठी नवं खातं उघडलं आणि जुन्याचा दोन हंगामांचा इतिहास मागे टाकला. 2024 चे पहिले दोन-तीन आठवडे क्लिक महाग पडले, ते बहुधा त्यामुळेच. ज्याची उधारीवर भिस्त आहे त्याने ऑटोमॅटिक जरूर घ्यावं, मात्र राखीव कार्ड जोडावं, कार्डाची मर्यादा थ्रेशोल्डशी दर महिन्याला ताडून पाहावी आणि बिलिंगच्या संपर्कात रोज उघडला जाणारा इमेल ठेवावा. मी हंगामात सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, पेट्यांचा हिशेब लिहिताना, त्याच वहीत जाहिरातीची शिल्लकही लिहितो. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात ती रोज लिहितो.