व्हाइट ब्रेडसाठी ब्रेड मशीन घ्यावं, की ओटीजीवरच भागवावं?

घरात ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, ब्रेड पंधरवड्यातून एकदाच होतो आणि पीठ मळायचा कंटाळा नाही, तर एकाच भांड्यात मळून, फुगवून, भाजणाऱ्या मशीनवर पैसे घालू नका. रोज डब्यात सँडविच जात असेल तर मात्र विचार जरूर करा.

माप दोन्हीकडे एकच: मैदा 450 ग्रॅम, पाणी 280 मिली, साखर 15 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम, तेल किंवा लोणी 25 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम. सगळं काट्यावर मोजायचं, वाटीने नाही. पाणी थोडं जास्त झालं तर मळणाऱ्या हाताला लगेच कळतं, मशीनला कळत नाही. म्हणून मळणी सुरू झाल्यावर सहा-सात मिनिटांनी झाकण उघडून बघा. भांड्याच्या कडा सोडून मऊ, गुळगुळीत गोळा फिरत असेल तर उत्तम. तळाशी चिकट पसरला असेल तर चमचाभर मैदा घाला. कोरडा गोळा आपटत फिरत असेल तर चमचाभर पाणी.

मशीनची खरी कमाई या मळणीतच आहे. आपला साधा मैदा ग्लुटेनला (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाला) कमी पडतो, त्यामुळे मळण्यात कसूर चालत नाही. हाताने दहा-बारा मिनिटं नेटाने मळावं लागतं. पीठ ताणल्यावर पडद्यासारखं पातळ होऊन पलीकडच्या बोटांची सावली दिसली की झालं. बहुतेक जण त्याआधीच थांबतात आणि ब्रेड भुसभुशीत होतो, कापताना चुरा पडतो. मशीन थकत नाही.

भाजण्यात मात्र ओटीजी सरस. 9 बाय 5 इंचाच्या टिनमध्ये, 200 अंशांवर 30 ते 35 मिनिटांत वरून छान तांबूस, सँडविचच्या मापाची लादी मिळते. मशीनचा ब्रेड बहुधा उभट येतो, बाजूच्या कडा जाड आणि माथा फिकट, शिवाय तळाला मळणाऱ्या पात्याचं भोक. शेवटच्या फुगवणीआधी ओल्या हाताने पातं काढून घेतलं तर भोक बारीक राहतं.

उन्हाळ्यात दोन्हीकडे जपावं लागतं, पण मशीनमध्ये जास्त. नागपूरच्या मे महिन्यात नळाचं पाणी तसंच घातलं तर पीठ वेळेआधी फुगतं, मशीन मात्र ठरलेल्या मिनिटांनीच भाजायला घेतं आणि मधे माथा खचतो. फ्रिजमधलं पाणी वापरा, यीस्ट 3 ग्रॅमवर आणा. ओटीजीवाल्याला पीठ टिनच्या काठावर आलेलं दिसतं, तो तेव्हाच भाजायला घेतो. टायमर लावून रात्रभर ठेवणार असाल तर दूध नको, आणि यीस्ट मैद्यावर खळगा करून, पाण्याला न लागेल असं ठेवा. (काही मशीनांत यीस्ट तळाशी घालायचं असतं, माहितीपुस्तिका पाहा.)

विजेचा हिशोब मशीनच्या बाजूने आहे. त्याचा हीटर साधारण 500-600 वॅटचा, ओटीजीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण जिथे वीज वारंवार जाते तिथे तीन-साडेतीन तासांचा कार्यक्रम मधेच तुटतो. काही मशीनं थोडी मिनिटं तग धरतात, काही पहिल्यापासून सुरू होतात.

ओटीजी आधीच घरात असेल तर आमची पसंती मधल्या वाटेला: मशीनमध्ये फक्त ‘डो’ प्रोग्राम (पीठ मळून फुगवतो, भाजत नाही) लावायचा, सुमारे दीड तासाने पीठ काढून वळायचं, टिनमध्ये पुन्हा फुगवायचं आणि ओटीजीत भाजायचं. मळण्याचा घाम वाचतो आणि लादीही हवी तशी येते. त्याच पिठाचे पावही होतात.

दुकानात मशीन बघताना हा प्रोग्राम स्वतंत्र आहे ना, हे आधी विचारा. दुसरा प्रश्न भांडं आणि पातं सुटं मिळतं का. तळाच्या दांड्याचं सील झिजलं की पाणी गळू लागतं, आणि सुटं भांडं मिळालं नाही तर अख्खं मशीन अडगळीत जातं.