पहिले गेट, हायवे आणि चोर्ला घाट : हायब्रीड हायरायडर बेळगावात वापरल्यानंतर

टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर, तीही स्ट्राँग हायब्रीड प्रकारातली, घेऊन आता वर्ष उलटून काही महिने झाले आहेत. या काळात बेळगावचा उन्हाळा, खानापूर बाजूचा पूर्ण पावसाळा, गणपतीतली कोकणची फेरी आणि कोल्हापूरला कामानिमित्त नेहमीचे जाणे-येणे असे सगळे तिच्याकडून करून घेतले. इतक्या वापरानंतर जे मत बनले ते असे की या गाडीचा नफा-तोटा इंजिनापेक्षा आपल्या रस्त्यावर ठरतो. आमच्या सीमाभागात तासाभराच्या अंतरात शहरातली कोंडी, सहापदरी हायवे आणि सह्याद्रीचा घाट असे तिन्ही रस्ते मिळतात आणि प्रत्येक ठिकाणी ही गाडी वेगळी वागते. कंपनीच्या माहितीपत्रकातला लिटरमागे २७.९७ किलोमीटरचा एकच आकडा वाचून गाडी घेणाऱ्याला हे कळत नाही.

गाडीबद्दल लोक पहिला प्रश्न विचारतात तो 'ॲव्हरेज काय देते?' हा, आणि दुसरा 'चार्जिंगला कुठं लावता?' हा. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. ही गाडी चार्जिंगला कुठेच लावावी लागत नाही आणि तशी सोयही तिच्यात नाही. दीड लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, त्याच्या जोडीला विजेची मोटर आणि डिकीच्या बाजूला बसवलेली ०.७६ युनिट क्षमतेची छोटी लिथियम-आयन बॅटरी अशी तिची रचना आहे. ब्रेक लावताना किंवा उतारावर जी शक्ती साध्या गाडीत ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते, तिच्यातला काही भाग मोटर उलट चालवून बॅटरीत साठवला जातो आणि गाडी पुन्हा हलवताना तोच वापरला जातो. इंजिनाची शक्ती ९२ पीएस आणि मोटरसह एकत्रित शक्ती ११६ पीएस आहे. हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा, कारण बॅटरीत काही शिल्लक असेपर्यंतच तो खरा असतो, आणि घाटात त्याची आठवण होते.

शहरात गाडी खरोखर सुखाची आहे. टिळकवाडीचे पहिले किंवा दुसरे रेल्वे गेट पडले की दोन्ही बाजूंनी रांगा लागतात. अशा वेळी इंजिन बंद राहून एसी चालू राहतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. गेट उघडल्यावर रिक्षा आणि दुचाकींच्या गर्दीतून हळूहळू पुढे सरकतानाही इंजिन बहुतेक वेळा चालू होत नाही. गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर या भागांत दिवसभराची कामे केली तर निम्म्याहून अधिक वेळ गाडी विजेवरच चाललेली असल्याचे पडद्यावर दिसते. क्लच नाही, गिअर नाही, आणि ज्या ट्रॅफिकमध्ये साधी पेट्रोल गाडी लिटरला दहा-अकरावर येते तिथेच ही तेवीस ते पंचवीस देते. मात्र सकाळी गाडी थंड असताना घरापासून दोन किलोमीटरवर जाऊन परत यायचे असेल, तर इंजिन आधी स्वतःला गरम करून घेते आणि हाच आकडा सोळा-सतरावर येतो. म्हणून छोट्या छोट्या फेऱ्या वेगवेगळ्या करण्याऐवजी एकत्र करून घेणे या गाडीला अधिक मानवते.

हायवेवर चित्र बदलते. बेळगाव ते कोल्हापूर हे साधारण एकशे दहा किलोमीटरचे अंतर काकती, संकेश्वर, तवंदी घाट आणि निपाणीवरून जाते. तवंदीचा चढ-उतार सोडला तर या रस्त्यावर ब्रेक लावण्याचे प्रसंग कमीच येतात. ब्रेक नाही म्हणजे बॅटरीत परत येणारी वीज नाही, आणि शंभरच्या पुढे वाऱ्याच्या विरोधाशी झगडण्याचे काम इंजिनालाच करावे लागते. नव्वदच्या आसपास शांतपणे चालवले तर बावीस मिळतात. एकशे दहाला ठेवले तर अठरा-एकोणीस, आणि त्याहून घाई केली तर त्याच्याही खाली. अठरा हा आकडा वाईट नाही, पण साधी मॅन्युअल पेट्रोल गाडीही हायवेवर त्याच्या जवळपास जाते, आणि मग हायब्रीडसाठी वेगळे मोजलेले पैसे कशासाठी, हा प्रश्न योग्य ठरतो. ओव्हरटेक करण्यासाठी पाय जोरात दाबला की इंजिनाचा आवाज एकदम वर जातो आणि वेग त्याच्या मागून सावकाश येतो. ई-सीव्हीटी नावाच्या गिअरविरहित रचनेचा तो स्वभाव आहे. गिअर बदलण्याची सवय असलेल्या माणसाला तो सुरुवातीचे काही आठवडे खटकतोच.

आता घाटाविषयी सविस्तर लिहितो, कारण हायब्रीड गाडी घाटात कशी चालते याबद्दल आमच्याकडे बरेच गैरसमज आहेत. बेळगावहून गोव्याला जाण्याचा नेहमीचा रस्ता जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून सत्तरी तालुक्यातल्या केरीला पोहोचतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तर केरी जवळजवळ पायथ्याला. म्हणजे घाटात गाडी सुमारे सातशे मीटर खाली उतरते. 'मग काय, उतारावर फुकटची वीज, खाली जाईपर्यंत बॅटरी फुल्ल' असे लोक म्हणतात, आणि ते खरेही आहे. फक्त बॅटरी पायथ्याला नव्हे, तर घाटाच्या वरच्या भागातच भरते. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन सोळाशे किलो मानले, तर सातशे मीटर उतरताना मोकळी होणारी ऊर्जा तीन युनिटांच्या घरात जाते. त्यातला चौथा-तिसरा हिस्सा टायर आणि वारा खाऊन टाकतात असे धरले तरी दोन युनिटे उरतात, आणि बॅटरीची पूर्ण क्षमताच पाऊण युनिट आहे. शिवाय तिचे आयुष्य टिकावे म्हणून ती कधीच पूर्ण रिकामी किंवा काठोकाठ भरू दिली जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जागा आणखी कमी असते. उरलेली ऊर्जा साठवायला ठिकाण नाही, हे उघड आहे.

अशा वेळी गाडी काय करते हे समजून घेतले तर घाबरायला होत नाही. बॅटरी भरली की मोटरचा रोध कमी होतो आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येऊ लागतो. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणे कोणत्याही गाडीत धोक्याचे असते. यासाठी गिअरच्या दांड्यावर 'डी'च्या खाली 'बी' अशी जागा दिलेली आहे. तिथे दांडा आणला की गाडी इंजिन पेट्रोलशिवाय नुसते फिरवते आणि त्याच्या अडथळ्याने वेग आवरते, म्हणजे जुन्या गाडीत आपण दुसऱ्या गिअरवर उतरायचो तेच काम. फरक एवढाच की पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना इंजिन मोठ्याने घुमू लागते आणि शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी बिघडले असे वाटते. पहिल्यांदा हा आवाज आल्यावर आई 'बाजूला घे रे गाडी' म्हणाली होती. बिघाड काही नसतो, आणि त्या आवाजात पेट्रोलही जळत नसते. कणकुंबी ओलांडून उतार सुरू झाला की मी वळणे येण्याआधीच 'बी'वर टाकतो, त्यामुळे खाली पोहोचेपर्यंत ब्रेकचा वास येत नाही.

चढताना हिशेब उलटा होतो. केरीहून वर येताना पहिल्या काही वळणांवर गाडी दमदार चढते, कारण इंजिन आणि मोटर दोन्ही ओढत असतात. पडद्यावर बॅटरीची पातळी दाखवणारे दांडे संपत आले की ओढण्याचे काम मुख्यतः एकट्या इंजिनावर पडते, आणि भरलेली गाडी, एसी आणि सरळ चढ असा योग आला की तीन सिलिंडरचे ते इंजिन बराच वेळ एकाच वरच्या सुरात आवाज करत राहते. गाडी थांबत नाही की मागे सरत नाही. पण बेळगावची भाजी गोव्यात उतरवून परतणारा रिकामा टेम्पो समोर असेल, तर त्याला ओलांडण्याचा बेत बॅटरी बघूनच करावा. पूर्ण फेरीचे ॲव्हरेज मात्र आश्चर्यकारक चांगले येते. उतरताना मिळालेले आकडे चढताना गेले तरी जाऊन-येऊन एकवीस-बावीस पडतात, आणि घाटाच्या रस्त्यावर तेवढे डिझेल गाडीकडूनच अपेक्षित असते.

पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे खड्डे, वाहते पाणी आणि धुके या तिन्हींचा एकत्र अनुभव येतो. २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आणि सतरा इंचांचे टायर यांमुळे गाडीचे पोट कुठे घासले नाही. सस्पेन्शन किंचित कडक आहे, त्यामुळे कमी वेगात खड्डे जाणवतात, पण साठ-सत्तरला गाडी छान बसून चालते. हायब्रीडला फोर व्हील ड्राइव्ह मिळत नाही, पुढची दोनच चाके ओढतात. चंदगड किंवा खानापूरच्या रानातल्या चिखलाच्या वाटेवर शेतापर्यंत रोज जायचे असेल, तर ही गाडी त्यासाठी नाही.

डिकीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. बॅटरीने जागा खाल्ल्यामुळे साध्या हायरायडरमधली सुमारे ३७३ लिटरची डिकी हायब्रीडमध्ये साधारण २६५ लिटरवर येते. दोन मध्यम बॅगा आणि एक पिशवी, एवढेच तिचे माप. गणपतीला कोकणात जाताना फळांच्या टोपल्या, कपडे आणि परतीच्या वेळचे नारळ यांची रचना करताना घरात एकमत होत नाही. खानापूरहून वर्षाचा तांदूळ आणायचा असला तर मागची सीट पाडावी लागते, आणि मग माणसे दोनच बसतात. पाच माणसांच्या कुटुंबाने डिकी स्वतः उघडून, शक्य तर आपल्या बॅगा ठेवून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पैशांचा हिशेब सीमाभागात थोडा निराळा आहे. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीवर आजीवन रोड टॅक्स १७ टक्के आहे आणि त्यावर उपकर पडतो, तर महाराष्ट्रात त्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के लागतात. सतरा लाखांच्या गाडीवर हा फरक पाऊण लाखाच्या वर जातो. त्यामुळे कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर गाडी घेण्याचा सल्ला इथे प्रत्येकाला कोणीतरी देतोच. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तिथे पुन्हा नोंदणी करून कर भरावा लागतो, हा मोटार वाहन कायद्याचा नियम आहे, आणि गाडी रोज बेळगावातच उभी असल्यावर तो टाळण्यात शहाणपण नाही. माझी गाडी केए-२२ आहे. करात जे गेले त्याची थोडी भरपाई पेट्रोलमध्ये होते. कर्नाटकातले पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असल्याने कागल-कोल्हापूरची माणसे सीमा ओलांडून टाकी भरतात, आणि गोव्यातले त्याहून स्वस्त असल्याने आम्ही परतताना तिकडे भरतो. टाकी ४५ लिटरची असल्याने एकदा भरली की बरेच दिवस पंपाकडे बघावे लागत नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. लिटरभर इथेनॉल जळून मिळणारी ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असल्याने ॲव्हरेजमध्ये थोडी घट धरावीच लागते. चिकोडी-अथणीचा ऊस इथेनॉल होऊन परत आपल्याच टाकीत येतो, यात शेतकऱ्याचे समाधान असेल तर असो.

साध्या ऑटोमॅटिकपेक्षा हायब्रीडसाठी अडीच लाख जास्त मोजले असे धरू. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पंधराच्या ॲव्हरेजने हजार लिटर पेट्रोल लागते, आणि बावीसच्या ॲव्हरेजने सहाशे ऐंशी. वाचलेल्या तीनशे वीस लिटरचे वर्षाला तेहतीस हजारांच्या आसपास होतात. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला साडेसात वर्षे लागतात. हायब्रीड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोवर आहे. फायदा सुरू होतो आणि वॉरंटी संपते, या दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडतात. वीस हजारांच्या पुढे आणि तेही मुख्यतः शहरात चालवणाऱ्याचे गणित लवकर जुळते. नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या केबल असलेल्या भागाला बाहेरच्या मेकॅनिकने हात लावू नये. त्यामुळे उद्यमबागेत कितीही कुशल कारागीर असले, तरी या कामासाठी अधिकृत सर्व्हिसकडेच जावे लागते, हाही खर्च मनात धरावा. आतापर्यंत ऑइल, फिल्टर आणि एका पंक्चरपलीकडे काही निघालेले नाही.

आमच्या वडिलधाऱ्यांना 'टोयोटा किर्लोस्कर मोटर' या गाडीच्या कंपनीच्या नावातल्या 'किर्लोस्कर' या शब्दाचे विशेष कौतुक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, आणि १८८८ मध्ये त्यांनी सायकलींचे दुकान काढले ते बेळगावात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९९७ मध्ये टोयोटाबरोबर जी भागीदारी झाली तिचा कारखाना बंगळूरजवळ बिडदीला आहे. ही गाडी तिथेच बनते. कौतुकापोटी गाडी घ्यावी असे नाही, पण गप्पांना विषय मिळतो.

निपाणीचे भाऊजी तंबाखूच्या व्यापारानिमित्त रोज कोल्हापूर आणि महिन्यातून अनेकदा पुण्याला जातात. त्यांनी माझ्या गाडीतून एक फेरी मारून हायब्रीडच घेण्याचे ठरवले होते. त्यांचा सगळा प्रवास हायवेचा, शहरात शिरणे नावापुरते आणि डिकीत नेहमी तंबाखूच्या नमुन्यांची पोती, म्हणून मी त्यांना वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी साधी मॅन्युअल हायरायडर बुक केली आणि उरलेल्या पैशांतून शेडचे पत्रे बदलून घेतले.