सव्हॅनात हॉटेलआधी चौक ठरवा

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हॅनात जुन्या वाड्यांची हॉटेलं इतकी आहेत की फोटो बघून निवडायला बसलं तर सगळीच सारखी दिसतात. तोच दांडीचा पलंग, तीच शेकोटी, तेच झुंबर. फरक पडतो तो हॉटेल कुठल्या चौकालगत आहे याने, म्हणून आधी नकाशा उघडावा.

जेम्स ओग्लथॉर्पने 1733 मध्ये हे गाव आखलं तेव्हा प्रत्येक पेठेच्या मध्यावर एक मोकळा चौक ठेवला. उत्तरेला आणि दक्षिणेला घरांसाठी भूखंड, पूर्व-पश्चिमेला चर्चसारख्या सार्वजनिक इमारतींसाठी. असे 24 चौक झाले, त्यातले 22 आज आहेत. एलिस चौकाची जागा 1954 मध्ये गाड्यांच्या पार्किंग इमारतीने खाल्ली होती. ती पाडून 2010 मध्ये चौक परत मिळवला. चौक म्हणजे रस्त्यांची नुसती गाठ नव्हे, छोटी बागच ती. ओकची झाडं, त्यांवरून लोंबणारा करडा स्पॅनिश मॉस (जो स्पॅनिशही नाही आणि मॉसही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे), खाली बाकडी. चालणाऱ्याला दर दोन-तीन मिनिटांनी सावली मिळते. गाडीवाल्याला मात्र प्रत्येक चौकाला वळसा घालावा लागतो, त्यामुळे या भागात गाडी भाड्याने घेणं हा भुर्दंडच. जुन्या हॉटेलांना स्वतःचं पार्किंग क्वचित असतं. रस्त्यावर लावलीत तर मीटर सांभाळा आणि रात्रीच्या झाडलोटीचा वार पाटीवर वाचा, नाहीतर सकाळी काचेवर दंडाची चिठ्ठी. 'डॉट' नावाची शहराची बस जुन्या भागात फुकट फिरते.

नदीकडून दक्षिणेकडे बुल स्ट्रीट धरला की जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, माँटेरी असे पाच चौक ओलांडून फोर्सिथ पार्क येतं. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण वेळ अर्धा दिवस काढा. मॅडिसन चौकातल्या ग्रीन-मेल्ड्रिम हाउसमध्ये डिसेंबर 1864 मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनचा मुक्काम होता. तिथूनच त्याने लिंकनला हे शहर नाताळची भेट म्हणून देऊ केलं. शहर जाळलं गेलं नाही, म्हणून तर हे वाडे राहायला उरले.

आता हॉटेलं. ब्रॉटन स्ट्रीटवरचं मार्शल हाउस 1851 चं, बिडाच्या नक्षीदार सज्जाचं. त्याच यादवी युद्धात इथे उत्तरेच्या सैनिकांचं इस्पितळ होतं, पुढे बरीच वर्षं वरचे मजले बंद होते, 1999 मध्ये हॉटेल पुन्हा सुरू झालं. जागा अशी की नदी, बाजार आणि चौक तिन्ही पायी. पण ब्रॉटन हा दुकानांचा रस्ता. सज्जा हवा तर रस्त्याचा आवाजही घ्यावा लागतो. झोप हलकी असेल तर मागची खोली मागा आणि सज्जाचा मोह सोडा.

कोलंबिया चौकातलं किहो हाउस 1892 चं, ओतशाळेच्या मालकाने बांधलेलं. जिन्याचे कठडे, खांब, खिडक्यांची सजावट दगडी वाटते आणि हात लावला की लोखंड लागतं. खोल्या मोजक्या, मुलांना प्रवेश नाही. लाफायेट चौकातलं हॅमिल्टन-टर्नर इन 1873 चं, उतरत्या छपराचं. या पट्ट्यात संध्याकाळी खरंच शांतता असते. सगळ्यात देखणी गल्ली म्हणाल तर विटांची जोन्स स्ट्रीट, आणि तिच्यावरचं 1847 चं एलायझा थॉम्पसन हाउस. इथे नोंदणी करताना विचारायचं ते एवढंच: खोली मूळ घरात की अंगणापलीकडच्या बग्गीखान्यात? उंच छत आणि शेकोटी मूळ घरात.

या घरांचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, बाहेरून उंच ओट्याच्या पायऱ्या चढून. पूर्वी रस्ते मातीचे होते, धूळ आणि शेण घरात येऊ नये म्हणून ही युक्ती. आज त्याचा अर्थ असा की सूटकेस दारापर्यंत नेतानाच दहा-बारा पायऱ्या, आणि आत बहुतेकदा लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या 'गार्डन लेव्हल'ची खोली मागावी. उजेड कमी आणि थोडी दमट, पण जिना वाचतो. वरच्या मजल्यावरचा माणूस चालला की लाकडी तक्तपोशी कुरकुरते, त्यावर उपाय एकच, सगळ्यात वरची खोली. बिलात करांशिवाय राज्याचे दर रात्री 5 डॉलर वेगळे लागतात.

नदीकाठची रिव्हर स्ट्रीट बघायची जागा आहे, राहायची नव्हे. जुन्या कापूस-वखारींतली हॉटेलं सुंदर, पण खाली रात्री उशिरापर्यंत गलका. रस्त्याचे गोटे म्हणजे जहाजांनी भार म्हणून आणून टाकलेले दगड. सूटकेसची चाकं तिथेच निखळतात. वरच्या बे स्ट्रीटवरून उतरणाऱ्या दगडी पायऱ्या उंच-सखल आहेत, 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी पाटीच आहे. पावसात सिटी हॉलजवळची लिफ्ट वापरा. दारू प्लास्टिकच्या 16 औंसांपर्यंतच्या पेल्यात घेऊन जुन्या भागात रस्त्याने फिरायला मुभा आहे. काचेच्या बाटलीला नाही.

एकच घर आतून बघायचं असेल तर ओग्लथॉर्प चौकातलं 1819 चं ओवेन्स-थॉमस हाउस. विल्यम जे या तरुण इंग्रज वास्तुकाराचं काम: वरच्या मजल्यावर जिन्यावरून जाणारा चक्क पूल, आणि टाक्यांमधून घरभर खेळवलेलं पाणी. मागे गुलामांची राहण्याची जागा, तिच्या छतावर भुतं दूर ठेवतो अशी समजूत असलेल्या निळ्या रंगाचा जुना थर अजून दिसतो. सव्हॅनात गल्लोगल्ली भुतांच्या सहली विकल्या जातात. हा निळा रंग त्या सगळ्यांपेक्षा जास्त सांगतो. हे घर टेलफेअर संग्रहालयाचं, तिकीट त्याच्या इतर दोन इमारतींनाही चालतं, म्हणून सकाळी लवकर घ्या.

फोर्सिथच्या दक्षिणेला व्हिक्टोरियन भाग, लाकडी जाळीच्या व्हरांड्यांचा, आणि त्यापुढे कॅफे-स्टुडिओंचा स्टारलँड. मुक्काम तिथे केला तर नदी लांब पडते. बोनाव्हेंचर दफनभूमी मात्र पाच किलोमीटर पूर्वेला, तिथे गाडी लागते. प्रवेश फुकट, फाटक पाचला बंद, म्हणून तीनपर्यंत पोचा.

वसंतात अझेलिया फुलतात तेव्हा गाव सर्वात छान. पण 17 मार्चच्या सेंट पॅट्रिक मिरवणुकीच्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात आणि चौक माणसांनी भरतात. वसंतात आणि शरदात वारा पडला की वाळूमाशा चावतात, डासाएवढ्याही दिसत नाहीत. लांब बाह्या आणि मलम जवळ ठेवा.