इगतपुरीचा विपश्यना कोर्स: घरात कोणी गेलं असेल तर जावं का?

आधीच सांगते, सांत्वन पाहिजे असेल तर इथे जाऊ नका, कारण तुमची समजूत घालायला इथे कोणीच येत नाही. मला नेमकं तेच बरं वाटलं. आई गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण "कसं झालं गं?" विचारायचा, की परत पहिल्यापासून सगळं सांगा, अ‍ॅम्ब्युलन्स, आयसीयू, डॉक्टर काय म्हणाले, मग समोरचा म्हणणार सुटली बिचारी, देवाची इच्छा, तू आता बाबांकडे बघ. तेराव्यापर्यंत मला ते सगळं पाठ झालं होतं नि रडू मात्र येईना.

धम्मगिरीला, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात, १० दिवसांचा कोर्स असतो. आर्य मौन, म्हणजे बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, मोबाईल जमा, वही-पुस्तक काही नाही. जपमाळ, पोथी, उदबत्तीसुद्धा कोर्सपुरती बंद, हे ऐकून आमची मावशी भडकलीच होती की देवाचं नाव न घेता कसली शांती मिळणार!

पहाटे ४ ला घंटा, दिवसभरात साधारण १० तास बसणं. पहिले तीन दिवस आनापान, नुसता श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून विपश्यना, डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे जाणवेल ते बघत जायचं, आवडलं तरी धरून ठेवायचं नाही, नकोसं झालं तरी झटकायचं नाही. त्यात अधिष्ठान, तासभर हात-पाय न हलवता. गुडघे बोंबलतात अक्षरशः. पण आईची आठवण अंगात कुठे येते ते मला तिथे कळलं, छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं, बघत बसलं की आधी वाढतं, मग जरा सैल होतं, परत येतं. रडूही आलं, भरपूर आलं, आणि शेजारच्या बाईने वळून पाहिलंसुद्धा नाही, काय सुटका वाटली म्हणून सांगू.

संध्याकाळी ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन असतं (ते २०१३ मध्ये गेले), मधेच हसवतात पण. सगळा भर अनित्यावर, म्हणजे काहीच कायम टिकत नाही यावर. आता जगात कायम कोण राहतं हे घरी पण सगळे ऐकवत होतेच, तेव्हा चीड यायची, पण स्वतःच्याच गुडघ्यातली कळ उठताना नि विरताना बघितल्यावर वाद कुणाशी घालणार.

जेवण साधं, ११ ला. संध्याकाळी ५ ला नवीन लोकांना चहा, फळ वगैरे, रात्री जेवण नाही. फी अजिबात नाही, कोर्स पूर्ण झाल्यावर इच्छा असेल तर दान द्या.

एक मात्र, दुःख अगदी ताजं असताना जाऊ नका, निदान मी तरी कोणाला तसं सांगणार नाही. फॉर्ममध्ये तब्येतीचं नि मानसिक त्रासाचं विचारतात ते खरं लिहा, डिप्रेशनची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरशी बोला. मधूनच निघून येण्याची जागा नाही ही.

दुःख गेलं का? नाही. पण ते आलं की आता मी उठून पळत नाही, एवढा फरक माझ्यासाठी खूप आहे. आता बाबांच्या मागे लागलेय. ते म्हणतात मला मांडी घालता येत नाही, पण त्रास असणाऱ्यांना खुर्ची मिळते, त्यामुळे दिवाळीनंतरचा फॉर्म भरतेय, तुम्ही पण लवकर भरा, जागा पटापट संपतात.