चार बाय सहाची मोरी, पंधराशे रुपये: काय घ्यावं आणि काय दुकानातच सोडावं

नाशिकच्या सिडकोतली जुनी घरं घ्या, पंचवटीतल्या वाड्यांत नंतर काढलेल्या मोऱ्या घ्या, नाहीतर नाशिकरोडचा वन आरके. न्हाणीघराचं माप फिरून फिरून तेच येतं: ४ बाय ६ फूट, कधी त्याहूनही अर्धा फूट कमी. त्यात कमोड, गीझर, दोन बादल्या आणि आत उघडणारं दार. मेन रोडला, शालिमारला, भांडी बाजारात आणि ऑनलाइन ‘बाथरूम ऑर्गनायझर’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं निम्मं सामान या मापात बसतच नाही. उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं पहिल्या पावसाळ्यात गंजतं किंवा गळून पडतं.

इथे बजेट १,५०० रुपये धरलंय, भोकं पाडायची मजुरी त्यातच. भाव ढोबळ आहेत. रस्त्यावरच्या गाड्यावर वीस-तीस रुपये सुटतात, दुकानात सुटतीलच असं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो: भिंतीत स्क्रूने पक्कं केलेलं एकच चांगलं शेल्फ, चार-सहा चिकट हुक आणि कपड्यांची एक अरुंद बास्केट. एवढ्यात मोरी मोकळी होते. बास्केट सोडली तर जमिनीवर उभं राहणारं काहीही घेऊ नये.

जमिनीवरचा तीनमजली रॅक: नको

सगळ्यात जास्त खपणारी आणि सगळ्यात निकामी वस्तू हीच. प्लास्टिकच्या नळ्या एकात एक खोचायच्या, ३०० ते ४०० रुपये. मोरीच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या भोकाकडे, उतार असतो, त्यामुळे चारपैकी एक पाय कायम अधांतरी राहतो आणि वरच्या मजल्यावर शाम्पूची बाटली ठेवली की रॅक डुलायला लागतो. नळ्या पोकळ असतात. त्यांत पाणी जाऊन बसतं आणि महिन्याभरात खालून काळं, बुळबुळीत पाणी झिरपू लागतं. झुरळांना याहून चांगली जागा मिळायची नाही. शिवाय रॅक नेमका कोपऱ्यात जातो आणि बऱ्याच मोऱ्यांत ट्रॅपही त्याच कोपऱ्यात असतो. केस अडकले की आधी रॅक हलवा, मग जाळी काढा. हा उद्योग कोणी रोज करत नाही, म्हणून पाणी तुंबतं.

सक्शन कपवाली शेल्फं: तीही नको

आरशावर ठीक, टाइलवर नाही. ज्या सोसायट्यांत बोअरचं पाणी येतं तिथे टाइलवर क्षारांचा पांढरा थर साठतो. तो खरखरीत असतो, त्यातून कपाखाली हवा शिरते आणि बहुतेक वेळा रात्रीच धाडकन आवाज येतो. कप पाण्याने ओला करून लावला की दोन दिवस जास्त टिकतो, एवढंच.

चिकट हुक आणि चिकट शेल्फ: हुक घ्या, शेल्फ जपून

पारदर्शक चिकट हुकांचं दहाचं पाकीट १०० ते १५० रुपयांना मिळतं आणि पैशाला पैसा वसूल आहे. टॉवेल, मग, घासणी, वायपर, अंग घासायची जाळी हे सगळं भिंतीवर जातं. पण ‘टिकत नाहीत’ ही तक्रार जितकी ऐकू येते, त्यातली बरीचशी लावण्याच्या पद्धतीमुळे आहे.

पद्धत अशी. टाइल भांड्यांच्या साबणाने घासून धुवा, कारण शाम्पू आणि तेलाचा थर नुसत्या पाण्याने जात नाही. क्षार दिसत असतील तर एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून ते फडक्याने दहा मिनिटं टाइलवर धरा, मग धुवा. पूर्ण कोरडी झाली की सर्जिकल स्पिरिटने पुसा. हाताचं जेल सॅनिटायझर वापरू नका. त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं आणि चिकटपट्टी त्याच्यावरच बसते. हुक लावून अर्धा मिनिट अंगठ्याने जोर देऊन दाबा. पुढचे २४ तास त्यावर काही टांगायचं नाही आणि पाणीही उडू द्यायचं नाही.

एकच मोरी असलेल्या घरात हे २४ तास काढायचे कुठून? घर एखाद्या दिवसासाठी गावाला जाणार असेल तेव्हा निघता निघता लावा. तेही जमत नसेल तर हुक पाण्याच्या माऱ्यापासून दूर, दाराच्या बाजूच्या भिंतीवर लावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो आणि असल्या गारठ्यात चिकटपट्टी कडक होऊन भिंतीला नीट बसत नाही. थंडीत दुपारीच लावा, सकाळी नको.

जागा निवडताना आणखी दोन गोष्टी. नक्षीच्या उठावदार टाइलवर, म्हणजे दुकानदार ज्याला ‘हायलायटर’ म्हणतो त्यावर, पट्टी अर्धीच टेकते. आणि डाडो, म्हणजे भिंतीचा टाइल लावलेला भाग, जिथे संपतो त्याच्या वर रंग असतो. तिथे लावलेला हुक रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतो. जुन्या घरांत डाडो चार फुटांवरच संपतो, हे आधी बघा.

चिकट शेल्फांची गोष्ट वेगळी. पाकिटावर ५ किलो, १० किलो असे आकडे छापलेले असतात. ते वजन भिंतीला लागून सरळ खाली ओढतं असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात शेल्फ पाच इंच पुढे आलेलं असतं आणि जड बाटली नेमकी कडेला ठेवली जाते, म्हणजे वरच्या कडेपासून पट्टी सोलली जाते. चिकटपट्टी सरकायला कठीण, सोलायला सोपी. लिटरभराची बाटली साधारण किलोची असते. अशा तीन बाटल्या आणि वर एक तेलाचा डबा ठेवला की महिना-दोन महिन्यांचा खेळ. भाड्याच्या घरात घरमालक भोक पाडू देत नसेल तरच चिकट शेल्फ घ्या. त्यातही पट्टीचा तुकडा तळहाताएवढा असलेलं बघा आणि जड बाटल्या भिंतीला टेकवून ठेवा.

स्टीलचं स्क्रूवालं कॉर्नर शेल्फ: यावर पैसे घाला

दोनमजली स्टीलचं शेल्फ ४०० ते ५०० रुपयांपर्यंत मिळतं. दुकानदार हमखास ‘३०४ आहे’ म्हणतो (ही स्टीलची चांगली ग्रेड) आणि खिशातून लोहचुंबक काढून दाखवतो. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४, असं नसतं. स्वस्तातलं २०२ स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही. फरक निकेलचा आहे: ३०४ मध्ये ते ८ टक्क्यांच्या वर असतं, २०२ मध्ये ४ ते ६, आणि कमी पडलेल्या निकेलची भरपाई मँगनीजने केलेली असते. चुंबकाने एवढंच कळतं की माल अगदीच हलका नाही. वस्तूवर किंवा बिलावर ग्रेड लिहून मागा. दुकानदार लिहून द्यायला काचकूच करू लागला की समजायचं २०२ आहे, आणि मग भाव त्या हिशोबानेच द्यायचा. २०२ घेतलं तरी चालतं, फक्त टॉयलेट क्लीनरपासून जपा. त्यात सहसा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याची वाफ बंद मोरीत साठते आणि स्टीलवर तपकिरी ठिपके येतात. क्लीनर टाकला की दार उघडं ठेवायचं आणि शेल्फवरून एक तांब्या पाणी ओतायचं.

क्रोम चढवलेल्या लोखंडी तारेची शेल्फं दिसायला झकास असतात, पण वेल्डिंगच्या जोडावरून गंज सुरू होतो. दुकानात जोडावर बोट फिरवा. खडबडीत लागला तर ठेवून द्या.

उंचीचा विचार मात्र दुकानदार सांगत नाही. शॉवरखाली उभं राहून आंघोळ असेल तर शेल्फ चार फुटांवर. स्टुलावर बसून बादलीतून आंघोळ असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांची तशीच असते, तर साबणदाणी अडीच फुटांवर हवी आणि मोठं शेल्फ बसायच्या जागेच्या थेट वर अजिबात नको. साबणाने डोळे मिटलेला माणूस उठताना डोकं नेमकं स्टीलच्या कडेवर आपटतो. शेल्फ बसायच्या जागेपासून आडवं हलवा, नाहीतर साडेपाच फुटांच्या वर न्या. दोन मजल्यांमध्ये निदान १० इंच अंतर असावं. मोठ्या बाटल्यांचा पंपच दोन इंच वर येतो.

भोक पाडताना

इथेच घोळ होतो. मिस्त्री सहसा २०० ते ३०० रुपये घेतो आणि घाईत असतो, म्हणून समोर उभं राहावं.

नळाच्या, शॉवरच्या आणि गीझरच्या सरळ वर किंवा खाली भोक नको. पाइप भिंतीत सहसा तिथूनच उभा जातो. गीझरच्या बटणाच्या उभ्या रेषेतही नको, कारण वायर असते. टाइलच्या कडेपासून निदान एक इंच आत या. ‘जॉइंटमध्ये मारतो, टाइल फुटणार नाही’ असं मिस्त्री म्हणाला तर नाही म्हणा. जॉइंट दोन-तीन मिलिमीटरचा, बिट सहाचा; दोन्ही टाइलच्या कडा उडतात.

खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली की बिट घसरत नाही. टाइल संपेपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद, बिट टाइलचा आणि हात हलका. सिमेंट लागलं की मग हॅमर चालू. धूळ फुंकून काढा, भोकात थोडं सिलिकॉन सोडा, गट्टी (स्क्रू धरणारं प्लास्टिकचं बूच) ठोका आणि वर स्क्रू. सिलिकॉन धरून ठेवण्यासाठी नाही, पाणी अडवण्यासाठी आहे. ते सोडलं नाही तर भिंतीच्या पलीकडच्या खोलीत वर्षभराने ओल दिसते. प्लास्टिकचं शेल्फ असेल तर स्क्रू शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात आवळू नका, भोकापासून तडा जातो.

टेन्शन रॉड

दोन भिंतींमध्ये ताणून बसवायचा दांडा. ठीक. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. ‘७५ ते १२५’ लिहिलेला रॉड घेतला तर तो पूर्ण ताणलेला राहतो आणि मधोमध वाकतो. ‘११० ते २००’वाला घ्या. कोरडे कपडे आणि टॉवेल टांगायला चालतो. ओली जीन्स टांगली की रबरी टोक साबणाच्या थरावरून घसरतं.

दाराचे हुक

दारावर अडकवायचे स्टीलचे हुक जाड लाकडी दाराच्या मापाचे असतात. मोरीचं पीव्हीसीचं दार त्याहून पातळ, त्यामुळे हुक खुळखुळतो. वर फट कमी असेल तर दारच लागत नाही. पीव्हीसीच्या दारात स्क्रू मारायचा मोह होतो, पण आत पोकळ आहे, आठवड्यात आटे निघतात. गंमत म्हणजे याच दारावर चिकट हुक सगळ्यात छान बसतो, कारण पृष्ठभाग गुळगुळीत आणि पाणी कमी.

बास्केट, बादली

कपड्यांची बास्केट जाळीची आणि अरुंद घ्या, सात-आठ इंच रुंदीची, २५० रुपयांच्या आसपास. जागा दारामागे शोधण्याआधी टेप धरा: दार २४ ते २७ इंचांचं असतं आणि ते पूर्ण उघडायलाच हवं. जमलं तर बास्केट मोरीबाहेरच ठेवा. ओल नसेल तर कपड्यांना कुबट वास येत नाही. बादल्या एकात एक घालून पालथ्या ठेवायच्या. आंघोळीचा मग नळाला टांगला तर नळाची मान सैल होते, त्यासाठीच तो एक हुक.

बिल

शेल्फ ४५०, मजुरी ३००, हुकांचं पाकीट १२०, भोकाची साबणदाणी ८०, बास्केट २५०, सिलिकॉनची छोटी ट्यूब १००. एकूण १,३००. उरलेल्या दोनशेत लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा एक बंद डबा, उंचावर ठेवायला. टॉयलेट क्लीनर त्यात. ब्लीच मात्र त्याच डब्यात नको, मोरीबाहेर दुसरीकडे. दोन्ही सांडून एकत्र झाली तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि २४ चौरस फुटांत पळायला जागा नसते. हाच हिशोब खिडकीच्या जाळीलाही लागू: हवा तिथूनच बाहेर जाते, म्हणून तिच्यासमोर शेल्फ लावून ती झाकू नका. याच कारणाने, गॅस गीझर अजूनही मोरीच्या आतच असेल तर शेल्फाचे पैसे आधी तो बाहेर काढण्यात घाला.

भाड्याचं घर सोडताना चिकट हुक ओढून काढू नका. केस वाळवायच्या ड्रायरने मिनिटभर गरम करा आणि मागून जाड शिवणाचा दोरा करवतीसारखा फिरवा. उरलेला चिकटा खोबरेल तेलाने चोळला की सुटतो.