न्हाणीच्या जाळीतली सिलिकॉनची चोच: साडेतीन तारे, तेही जागा बदलल्यावर

वस्तू म्हणजे बाथरूमच्या जाळीखाली पाइपात बसवायचा सिलिकॉनचा व्हॉल्व. दोन नगांचं पाकीट, ऑनलाइन मागवलं, २७९ रुपये. पाकिटावर दावा असा की वास, झुरळं, डास सगळं बंद, आणि तेही आयुष्यभर. कोणाच्या आयुष्यभर ते लिहिलेलं नाही.

मी चौतीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. किपच्या उपकरणात, म्हणजे वायू तयार करायच्या काचेच्या भांड्यात, फेरस सल्फाइडचे खडे भरायचे, आम्ल सोडायचं आणि निघेल तो सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू पोरांना सॉल्ट ॲनालिसिससाठी, म्हणजे क्षार ओळखायला, द्यायचा, हे माझं काम. सडक्या अंड्याचा वास मला कोणी ओळखून दाखवायची गरज नाही. तरीही एप्रिलमध्ये आमच्या बाथरूममधून तो यायला लागला तेव्हा मी पंधरा दिवस नुसती खिडकी लावत बसले. कारण आम्ही राहतो डोंबिवली पूर्वेला. इथे वास आला की माणूस आधी एमआयडीसीकडे, म्हणजे रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीकडे बघतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला रस्ता चक्क गुलाबी झाला होता. त्या मानाने सडकं अंडं म्हणजे किरकोळच.

शिवाय या वायूची एक खोड आहे. अब्जात काही भाग इतका विरळ असला तरी नाकाला कळतो, आणि त्यातच वावरत राहिलं की कळेनासा होतो. प्रयोगशाळेत म्हणूनच आम्ही कधी नाकावर भरवसा ठेवला नाही. घरात मात्र ठेवला. शेवटी शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अगं, काही सांडलंय का तुमच्याकडे?"

मे महिन्यात लेकीकडे बंगळूरला गेलो. जूनमध्ये परत येऊन दार उघडलं तर दोन्ही बाथरूममधून वास. आमचे हे पिशव्या तशाच ठेवून खाली निघून गेले.

आता थोडं न्हाणीबद्दल. घरात हा शब्द आता कोणी वापरत नाही, सगळे बाथरूमच म्हणतात. न्हाणी उरली ती हार्डवेअरच्या दुकानात. तिथे अजून 'नहाणी ट्रॅप द्या' असंच मागतात. जाळीखालचं हे भांडं असं केलेलं असतं की त्यात कायम दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर पाणी साठून राहावं. खालच्या पाइपातली हवा आणि आपलं नाक यांच्यामध्ये फक्त एवढं पाणी. दुसरं काही नाही. न वापरलेल्या बाथरूममधलं ते उन्हाळ्यात वाळतं, आणि मग गटार थेट घरात श्वास सोडतं.

आतल्या बाथरूमचं तेच झालं होतं. बादलीभर पाणी ओतलं, तासाभरात वास गेला. खर्च शून्य. हे परीक्षण इथवर वाचून तुमचाही वास गेला असेल तर २७९ रुपये वाचवा. पुन्हा गावाला जाताना पाणी ओतून वर दोन चमचे शेंगदाण्याचं तेल सोडा, पाणी लवकर वाळत नाही. खोबरेल नको, थंडीत ते गोठून बसतं.

बाहेरच्या बाथरूमने दाद दिली नाही. खात्री करायला रात्री जाळीवर पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. ती आपल्या वजनाने जाळीवर बसते आणि तोंड बंद करते. सकाळी वास नाही, पिशवी उचलली की हजर. म्हणजे वास भिंतीतून नाही, बेसिनमधून नाही, जाळीतूनच. ही पिशवी आधी ठेवा, मग प्लंबरला बोलवा. मी उलटं केलं. प्लंबरने उकिडवं बसून जाळीकडे बघितलं, जाळी उचललीसुद्धा नाही, आणि म्हणाला, "काकू, लादी फोडायला लागेल. वॉटरप्रूफिंग धरून पस्तीस हजार." चहा पिऊन गेला.

मधल्या काळात घरोघरीचे उपाय झाले. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हा मोबाइलवर फिरणारा सगळ्यांचा लाडका उपाय. आम्ही विज्ञान प्रदर्शनात यालाच ज्वालामुखी म्हणायचो. फेस छान येतो, तो कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने केसांच्या गुंत्याचं काहीही वाकडं होत नाही. डांबरगोळ्यांनी सडक्या अंड्याच्या वासात कपाटाचा वास मिसळला. कामाच्या मावशींनी टॉयलेटचं ॲसिड ओतून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकायची तयारी केली होती, ती मी हात धरून थांबवली. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन निघतो, बंद न्हाणीघरात तर नकोच नको. कामाला आला तो जुना टूथब्रश, कपड्यांची पावडर आणि कढत नव्हे, नुसतं गरम पाणी. उकळतं ओतू नका, पीव्हीसी पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. साबण, केस आणि अंगाचा मळ यांचा जो काळा बुळबुळीत थर कडेने साचतो तो खरवडून काढला. केसाळ पंखांच्या त्या बारीक माश्या भिंतीवर बसलेल्या असतात ना, त्याही आठवड्याभरात गेल्या, कारण त्यांच्या अळ्या या थरातच वाढतात. वास निम्म्यावर आला, पण गेला नाही.

मग ही चोच मागवली. चोच हे मी ठेवलेलं नाव. वर गोल कडं, खाली सिलिकॉनच्या दोन पातळ पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, बदकाच्या चोचीसारख्या. पाणी आलं की वजनाने उघडतात, गेलं की मिटतात. खालून हवा आली तर उलट आणखी घट्ट मिटतात. कल्पना उत्तम आहे, हे मोकळेपणाने कबूल करते. स्प्रिंग नाही, गंजायला काही नाही. विकणाऱ्याने फोटोत माप मात्र लिहिलं नव्हतं. प्रश्न विचारला तर 'सर्व पाइपांना बसते' असं उत्तर. सर्व पाइपांना काही बसत नाही. जाळी उचलून पट्टीने पाइपाचं तोंड मोजा. आमचं तीन इंची, म्हणजे ७५ मिलिमीटर. सोबतची जाड रबरी रिंग लावल्यावर घट्ट बसली, बारीक रिंगेने नुसती खाली सरकत होती.

बसवली त्या रात्रीपासून वास बंद. पूर्ण बंद. मी लगेच पाच तारे देऊन टाकणार होते. आमचे हे म्हणाले, "थांब जरा, तुझ्याच प्रयोगशाळेचा नियम आहे, तीनदा रीडिंग घे." थांबले ते बरं झालं.

पहिली अडचण पाण्याची. ज्यांनी ही वस्तू बनवली ते बहुतेक शॉवरखाली अंघोळ करतात. आपल्याकडे शेवटचा अर्धी बादली पाण्याचा लोंढा एकदम अंगावर घ्यायची पद्धत आहे. चोचीतून तो हळूहळू जातो आणि बोटभर पाणी पायाशी तुंबून राहतं. त्यात वॉशिंग मशिनचा पाइपही तिथेच सोडलेला. मशिन पाणी फेकू लागलं की फेस उंबऱ्यापर्यंत.

दुसरी अडचण केसांची, आणि ही मोठी. लेक गणपतीला आली, तिचे केस कमरेपर्यंत. पाचव्या दिवशी वास परत. चोच काढून बघितली तर दोन पाकळ्यांमध्ये केसांची वेणी अडकलेली, तोंड अर्धवट उघडं. धुऊन बसवली की वास बंद, आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. घरात लांब केसांचं कोणी असेल तर दर रविवारी हे काम तुमच्या नावावर लागलं असं समजा.

तिसऱ्यांदा धुताना मात्र मी टॉर्च लावून आत नीट बघितलं, आणि माझीच मला लाज वाटली. आमची इमारत १९९६ची. बाहेरच्या न्हाणीतला ट्रॅप जुन्या पद्धतीचा, भांड्याच्या मधोमध पाइपाचं तोंड उभं, त्यावर एक उपडी वाटी. वाटीच्या कडा पाण्यात बुडालेल्या असतात म्हणून खालचा वायू अडतो. वाटी काढली तर भांड्यात कितीही पाणी असो, पाइपाचं तोंड सताड उघडं. आणि आमच्याकडे वाटी नव्हतीच! चोच एकटी सगळ्या इमारतीच्या पाइपाशी झुंजत होती.

एप्रिलमध्ये सोसायटीने पाइप साफ करायला माणसं आणली होती. त्यांनी वाटी काढून पाइप मोकळा करायची लांब स्प्रिंग आत घातली असणार, आणि परत ठेवायची राहिली. किंवा पाणी लवकर जावं म्हणून मुद्दामच ठेवली नसेल, तसंही करतात. मी घरभर शोधलं. सापडली गॅलरीत, गवती चहाच्या कुंडीखाली. यांना ती खिडकीत मिळाली, चांगली ताटली आहे म्हणून कुंडीखाली सरकवली होती. चार महिने. मी काही बोलले नाही. म्हणजे त्या दिवशी बोलले नाही.

वाटी घासून जागेवर ठेवली, चोच काढली. तेव्हापासून बाहेरच्या बाथरूममध्ये वास नाही आणि पाणीही तुंबत नाही. पस्तीस हजारांची लादी शाबूत आहे.

मग साडेतीन तारे तरी कशाला? कारण काढलेली चोच मी आतल्या, कधीतरीच वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये लावली, आणि तिथे ती खरोखर गुणाची निघाली. तिथे ट्रॅप धड आहे, अडचण होती ती पाणी वाळण्याची. चोच वरून झाकणासारखी मिटलेली राहते, त्यामुळे पाणी सावकाश उडतं. दिवाळीनंतर आम्ही पंचवीस दिवस नव्हतो, आल्यावर नाक मुरडावं लागलं नाही. पाइपातून येणारी झुरळंही थांबली, निदान त्या दारातून तरी. केस नाहीत, मशिन नाही, लोंढा नाही. आठ महिन्यांत सिलिकॉन कडक झालेलं नाही, पाकळ्या अजून नीट मिटतात. मी तिथे ॲसिड किंवा कॉस्टिकची पावडर टाकू देत नाही, हेही सांगायला हवं.

अर्धा तारा कापला तो मापाच्या खोट्या उत्तराबद्दल. एक कापला तो 'आयुष्यभर' बद्दल, कारण पाकिटात साफ कशी करायची याचं एक अक्षर नाही.

दुसरा नग तसाच पडून होता. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा नेला. आज सकाळी जिन्यात भेटल्या, त्यांचा पाइप चार इंची निघाला.