ओपनएएफएस टाकताय? आधी घड्याळं जागेवर आणा

जळगाव आणि रावेर, दोन्ही ऑफिसांत आम्ही ठिबकची डिझाइनं करतो, आणि फाइल तीच दोन्हीकडे लागते. त्यासाठी डेबियन लिनक्सवर ओपनएएफएस (नेटवर्कवरच्या फाइली सगळीकडे एकाच पाथने दाखवणारी सिस्टिम) टाकून आता उन्हाळा-पावसाळा झाला. उभारणी किचकट आहे: आधी केर्बेरॉस (पासवर्ड तपासून ओळख पटवणारी सेवा), मग एएफएसची की, सर्व्हरला वेगळं पार्टिशन, क्लायंटच्या, म्हणजे फाइल उघडणाऱ्या पीसीच्या, कॅशसाठी ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. ते एकदा बसलं की बसलं. घड्याळाचं तसं नाही.

केर्बेरॉस वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही. मे महिन्यात वादळाने जळगावात रात्रभर लाइट गेली की जुने पीसी सकाळी कित्येक वर्षं मागच्या तारखेवर सुरू व्हायचे. पासवर्ड बरोबर, तरी ‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’, म्हणजे घड्याळात फार फरक. टोकन (एएफएसचा प्रवेश-परवाना) नाही, म्हणून फाइल नाही. “भाऊ, फोल्डर दिसतं, पण आत काहीच उघडत नाही!” एका दुकानदाराने तर मदरबोर्ड गेला सांगून नव्याचं कोटेशन दिलं. मी मल्टिमीटर लावला: पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल २.१ वर आलेला. तीस-चाळीस रुपयांच्या सेलसाठी अख्खा बोर्ड! हा राग अजून उतरलेला नाही. आता आखाजीच्या आधी सगळ्या मशिनचे सेल बदलतो.

तेवढ्याने भागत नाही. लाइट येते, इंटरनेट दुपारपर्यंत येत नाही. म्हणून ऑफिसातल्या सर्व्हरवरच क्रोनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्रॅम) लावा, त्यात ‘लोकल स्ट्रॅटम १०’ (इंटरनेट नसलं तरी स्वतःची वेळ द्यायची) आणि ‘अलाउ’ (क्लायंटना वेळ विचारू द्यायची), क्लायंटवर ‘मेकस्टेप १ ३’ (सुरू होताना मोठा फरक एकदम भरून काढायचा). बाहेरची वेळ मिळो न मिळो, सगळी मशिनं एका वेळेवर राहतात.

जूनपर्यंत ओपनएएफएसच काढून टाकायच्या विचारात होतो. मग एका सर्व्हरची डिस्क एरर द्यायला लागली. दुसऱ्या सर्व्हरवर जागा होती. ‘व्हॉस मूव्ह’ कमांडने एकेक व्हॉल्यूम (फोल्डरांचा एक गठ्ठा) भर कामात तिकडे हलवला. पाथ तोच, रावेरला कोणाला पत्ताही लागला नाही. त्या दिवशी मत बदललं. रावेरची लाइन हळू आहे, पण एकदा उघडलेलं डिझाइन पुढे तिथल्याच डिस्कवरच्या कॅशमधून येतं, आणि इकडे कोणी बदल सेव्ह केला की सर्व्हर स्वतःहून कळवतो.

परवानग्या फाइलला नाही, फोल्डरला लागतात. हे सगळ्यांना आधीच समजावून ठेवा. आणि नवं कर्नल (लिनक्सचा गाभा) आलं की घाई नको. डीकेएमएस या टूलने त्या कर्नलसाठी ओपनएएफएसचं मॉड्यूल बांधलं नाही तर क्लायंट उठतच नाही. एका मशिनवर बघायचं, मगच बाकीच्यांना अपडेट.